गुरुजींचा इतिहास आणि आम्ही बाइंडिंगच्या बाया

बाइंडिंगच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज पडतात, कातरण आणि किस्से. कातरण संध्याकाळी रद्दीवाला पोत्यात भरून नेतो. किस्से कोण नेणार? ते आमच्याच पदरात राहतात. आता पदर फाटायला आला, म्हणून थोडे मोकळे करते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सात रस्त्याच्या अलीकडं एका गल्लीत आमचा कारखाना. मालक मल्लूशेठ. मी यमुना, चौथी पास, कामावर जुनी म्हणून सगळ्यांची अक्का. माझ्याबरोबर दोघी. लक्ष्मव्वा अक्कलकोटकडची, कानडी. तिला अक्षरओळख नाही, पण कागदाला कळू न देता घडी घालील असा हात. नरसम्मा विणकराच्या घरातली, तेलुगू. तिला रडायला कारण लागत नाही.

आणि माढ्याचे गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले. साध्या माणसाला कळेल असा आपल्या भागाचा इतिहास लिहायचे आणि पुस्तकं बांधायला आमच्याकडं आणायचे. येता-जाता त्यांचा शब्द एकच, "यमुनाबाई, माझ्या पुस्तकात एक वाक्य बिनपुराव्याचं दाखवा, मी लेखणी खाली ठेवीन!"

एवढं मोठं बोलू नये माणसानं. निदान आमच्यासमोर तरी!

*

त्यांच्या पहिल्या पुस्तकाला आम्हीच घोळ घातला. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एका कागदावर सोळा पानं. घडी घातली की त्याचा झाला फॉर्मा. फॉर्मे ओळीनं जुळवून शिवायचे. शंभर प्रतींत आमच्या हातून पाचवा फॉर्मा दोनदा लागला आणि सहावा लागलाच नाही. म्हणजे एकच लढाई राजा दोनदा लढला, दोनदा जिंकला!

शंभर प्रती गेल्या. तक्रारीचं कार्ड आलं एक. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या माणसाचं.

मला वाटलं गुरुजी चिडतील. ते तर कार्ड छातीशी धरून उभे! म्हणाले, "शंभरात एकानं वाचलंय हो! मी भेटूनच येतो." नारळ घेतला, गाडीत बसले, कुर्डुवाडी गाठली.

तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, खोटं कशाला बोलू? मी न्हाय वाचलं. मंडळी वाचती. तिनं सांगितलं तसं मी कार्ड लिवलं."

आतून मंडळींचा आवाज आला. या नाही, बसा नाही.

"ऱ्हायलेली सोळा पानं आणलीत का?"

गुरुजींच्या हातात नारळ!

*

दुसरं पुस्तक एका गढीचं. माढ्याच्या पुढं माळावर आहे ती. त्या गढीला वेढा पडला तेव्हा लोक आत कसे तगले, हे लिहायला गुरुजींनी बारा वर्षं घातली. छापायच्या आधी दुपारच्या सुट्टीत ते आम्हाला वाचून दाखवायचे. आम्ही भाकरी खायची, त्यांनी इतिहास सांगायचा. त्यांचा एक नियम होता. ऐकताना कुणाला जांभई आली की तेवढा मजकूर काढून टाकायचा. "सामान्य वाचक कंटाळला म्हणजे चूक लेखकाची," म्हणायचे.

एक दिवस नरसम्माचं पोर तापानं फणफणलेलं. बिचारी तशीच कामाला आलेली. गुरुजी किल्लेदाराचं घराणं सांगत होते, बाप, आजा, पणजा. नरसम्मानं जी जांभई दिली, ती पार कानापर्यंत!

गुरुजींनी पेन्सिल काढली आणि सरळ काट मारली.

"अय्यो गुरुजी," नरसम्मा हात जोडून म्हणाली, "पोरगं झोपू दिलं न्हाई हो मला. तुमचा राजा चांगला होता!"

"राहू द्या. कंटाळा तो कंटाळा."

एका जांभईत तीन पिढ्या गेल्या.

*

पुस्तक छापून आलं. लोकांना वाटतं, आमचं बरं, बसल्या बसल्या वाचायला मिळतं. अहो, घडी घालायच्या आधी कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं, चौथ्याशेजारी तेरावं, आणि निम्मी पानं खाली डोकं वर पाय! त्यात जिच्या वाट्याला जो फॉर्मा, तिला तेवढाच इतिहास.

नरसम्माला मराठी वाचता यायचं, अडखळत. सकाळी बघते तर डोळ्याला पदर.

"काय झालं गं?"

"अक्का, किल्लेदार मेला. तरणाताठा होता."

मी म्हटलं, असू दे, जुनी गोष्ट आहे. चहा दिला. तासाभरानं तिनं कागदाची दुसरी बाजू वर केली आणि किंचाळलीच, "अक्का! ह्यानं तर लग्न केलं!"

"कुणी गं?"

"मेलेल्यानं!"

दिवसभर तिचा किल्लेदारावर राग. बायको मेल्यावर वर्षात बोहल्यावर उभा राहणारा पुरुष बघितला होता तिनं, पण स्वतः मेल्यावर?

*

सातवा फॉर्मा माझ्या वाट्याला. घडी घालता घालता एकशे चार नंबरच्या पानावर नजर गेली. मी मोठ्यानं वाचलं, "वेढ्याच्या काळात स्त्रिया आत निवांत बसून होत्या."

लक्ष्मव्वाचा हात थांबला. "किती दीस व्हता वेढा?"

"तीन महिने."

"यव्वा! तीन महिनं बसून? मग भाकरी कोन थापत व्हतं, किल्लेदार?"

मी फॉर्मा बाजूला सारला. गुरुजी आले तसं पान पुढं धरलं. "गुरुजी, ह्येला पुरावा काय?"

"कशाला?"

"बसल्या व्हत्या ह्येला."

गुरुजींनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. "कागदपत्रांत स्त्रियांचा उल्लेख नाही, यमुनाबाई."

"उल्लेख न्हाय म्हंजे बसल्या? माझा बी कुटं उल्लेख न्हाय. मी काय सकाळपासनं बसूनच हाय व्हय?"

गुरुजी छत्री घेऊन गेले. छत्री उघडलीच नाही, ऊन मी म्हणत होतं.

सातव्या फॉर्म्याला आम्ही हात लावेना, तसे मल्लूशेठ धावत आले. बारा दिवसांवर प्रकाशन, हॉल ठरलेला, पाहुणे ठरलेले. "अक्का, सोमवारी सातवा फॉर्मा झाला न्हाय तर मी दुसऱ्या बाया आणतो!"

"आणा की! त्या बी घरी भाकरी थापूनच येतील."

बोलले खरी, पण तीन घरांच्या चुली त्या कारखान्यावर होत्या.

*

रविवारी सकाळी गुरुजी दारात. "चला गढीवर. मी काय पाहिलं नाही ते दाखवा."

मी आणि लक्ष्मव्वा एस.टी.नं गेलो. गुरुजींनी बुरूज दाखवला, दरवाजा दाखवला, सगळं वितीनं मोजलेलं. मग एका कातळावर नेलं. कातळात ओळीनं गोल खळगे. "हे एकवीस आहेत. तोफगोळे ठेवायची जागा. पुस्तकात सविस्तर आहे."

लक्ष्मव्वा वाकली. एका खळग्यात हात घालून आतून फिरवला. मग शेजारी पाय रोवून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी नसलेलं मुसळ उचलून खाली आणलं. एकदा, दोनदा, तीनदा. पाय जिथं ठेवला होता, तिथंही दगड झिजून गुळगुळीत झालेला. दर खळग्याशेजारी तसाच.

"उखळ हायत, गुरुजी."

गुरुजी खाली बसले. उन्हात, तापल्या दगडावर. "बारा वर्षं," म्हणाले, "बारा वर्षं मी ह्यांना दारूगोळा समजत होतो."

"एक डाव कांडलं असतं, तर वळखलं असतं तुमी."

मी लक्ष्मव्वाला चिमटा काढला. म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

मग ते म्हणाले, "यमुनाबाई, मी शब्द दिला होता. आता लेखणी खाली ठेवायला हवी."

"ठिवा की! मग दुरुस्तीची चिठ्ठी कोन लिवणार? मी? चौथी पास?"

त्यांनी वर बघितलं. खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता, तर एस.टी.च्या तिकिटामागं लिहायला लागले.

*

चिठ्ठी छापून आली. लहानशी, बोटभर रुंद. "पृष्ठ १०४ : स्त्रिया निवांत बसून होत्या, हे वाक्य रद्द समजावे. तोफगोळ्यांचे म्हणून सांगितलेले एकवीस खळगे उखळांचे आहेत. ते स्त्रियांनी ओळखले. चूक माझी आहे."

सातवा फॉर्मा सोमवारीच झाला होता. पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढले. खळ लावून चिठ्ठ्या चिकटवायचं काम लक्ष्मव्वाचं. मी एका प्रतीत एकशे चार नंबरच्या पानात सुतळी घालून तिला दाखवलं, "हितं." ती म्हणाली, "व्हय." मी दुसऱ्या कामाला गेले. पुस्तकं बांधून हातगाडीवरनं थेट हॉलवर.

प्रकाशनाला आम्ही तिघी शेवटच्या रांगेत. पाहुणे मोठे विद्वान. त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, पुस्तक उघडलं आणि थबकले. माइकसमोर वाचायला लागले, "पृष्ठ एकशे चार..."

मी जागेवरनं उठून बघितलं. चिठ्ठी पहिल्याच पानावर! पुस्तकाच्या नावाखाली, गुरुजींच्या नावाच्या बरोबर वर! सुतळी गळून पडली, का हिनंच काढली?

पाहुण्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "चूक माझी आहे" आल्यावर हॉलमध्ये खसखस पिकली. मल्लूशेठनं कपाळावर हात मारला. गुरुजींनी आपली प्रत उघडली, बघितलं, आणि बघतच राहिले.

पाहुणे म्हणाले, "गुरुजी, आयुष्यभर इतिहासाची पुस्तकं वाचतोय, पण पहिल्या पानावर स्वतःची चूक मांडणारा लेखक आज पाहिला. ही कल्पना कुणाची?"

गुरुजी उठले. त्यांनी हात लांब करून शेवटच्या रांगेकडं दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. मी लक्ष्मव्वाकडं बघितलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत उठली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली,

"चिठ्ठी आता वाळलीया, सायेब. निघायची न्हाय."