पोचता केलेला नमस्कार

नारायणगाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सगळं चढलं, फक्त बांगड्यांची पेटी खाली राहिली. माझा मुलगा युसूफ म्हणाला, "अम्मी, पुण्यात दुकानं आहेत. ही कुणाला लागणार?" मी पुढच्या सीटवर बसले आणि पेटी मांडीवर घेतली. कोंढवा येईपर्यंत पाय बधिर झाले होते. युसूफला तिकडे गॅरेजात काम लागलं होतं. बोलायचं तर पिवळ्या बूथवरून फोन करावा लागायचा, त्या काळातली ही गोष्ट.

गावाकडच्या बायका अजून विचारतात, मामी, शहरात जाऊन बदललीस का? माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायका विचारतात, गावाकडचं ते सगळं सोडलंस ना? दोन्हीकडच्यांना एकदाच लिहून सांगते. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, म्हणून मराठीत लिहिते. घरात आम्ही आमची दखनी बोलतो. अल्लाला दोन्ही भाषा येतात.

आम्ही मणेर, बांगड्या भरणारे. मी जीपने पिंपरी पेंढारला जायची, कुणाच्या तरी ओट्यावर पेटी उघडायची. घट्ट बांगडी भरताना बाईने हात आखडला की काच फुटते. तिचं मन दुसरीकडे न्यावं लागतं, मग हात सैल पडतो. त्यासाठी माझी आई ओवी म्हणायची. मी माझ्या ओव्या केल्या. त्यातली एक ही:

हात घेतला हातामंदी, घाट कुणी केला त्याचा
अल्ला माझ्याच्या चाकावरी, फिरला गोळा मातीचा

माणूस मातीचा केला, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं. मला ते खरं कळलं खुरपं धरून राठ झालेले हात चोळताना. पाटलिणीचा असो की मजुरणीचा, बांगडी अंगठ्याखालच्या हाडावरच अडते.

बांगड्या भरून झाल्या की गावातली बाई भरणारीला वाकून नमस्कार करते. आम्ही तर अल्लाशिवाय कुणापुढे वाकत नाही, मग हा नमस्कार घ्यायचा कसा? माझ्या आईने त्यावर वाट काढली होती. ती सांगायची, "हा आपला नाही. संध्याकाळी नमाजात डोकं टेकलं की तिथे ठेवून यायचा. घरात आणायचा नाही." मी आयुष्यभर तसंच केलं.

कोंढव्यात खालच्या मजल्यावर एक शिकलेली बाई बायकांना धर्माचं शिकवायची. सगळ्या तिला आपा म्हणायच्या. वाईट नव्हती, माझी सून आजारी होती तेव्हा आठवडाभर डबा तिनेच दिला. तिने माझी ओवी ऐकली, नमस्काराचंही ऐकलं. म्हणाली, "अल्लाला कुंभार करता? आणि बायकांना पायाशी वाकू देता? तौबा करा, खाला." तिला अरबी येत होतं. मला फक्त म्हणता येतं, अर्थ थोडाच कळतो. मी काय वाद घालणार?

मी पेटी पलंगाखाली सारली. ओवी बंद केली. नरकाची भीती नव्हती. भीती एकच, त्या नमस्कारांमुळे माझी इतक्या वर्षांची नमाज कबूलच झाली नसेल तर? आणि माझ्या आईची? ती तर आता तौबा करायलाही नव्हती.

दीडेक वर्ष असं गेलं. मग पिंपरी पेंढारच्या सुमनचा युसूफच्या गॅरेजात फोन आला; तिच्या घरी आधी माझी आई आणि मग मी बांगड्या भरायचो. तिच्या लेकीचं, वैशालीचं लग्न होतं आणि चुडा मीच भरायचा होता. सून म्हणाली, जाऊ नका. मी गेले.

ओट्यावर बसले आणि मुकाट्याने भरायला लागले. वैशालीने हात आखडला, बांगडी तडकली, रक्त आलं. सुमन म्हणाली, "मामी, तोंड शिवून आलीस व्हय? तुझी ओवी कुटं गेली?" वैशालीचे डोळे भरले होते. मी ओवी म्हटली. हात सैल पडला, पुढचा सगळा चुडा नीट गेला.

मग पोरगी उठली आणि वाकायला लागली. मी तिचे दंड धरले. जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून टाकलं, "हा नमस्कार माझा नाही, पोरी. मी तो नमाजात अल्लाकडे पोचता करते."

सुमन हसली. "आमाला काय ठावं नाय व्हय? तुझी आई आमच्या सासूला सांगून गेलीय. म्हणून तर तुझ्याकडं देतो."

मी दंड सोडले. वैशाली वाकली. त्या संध्याकाळी सुमनच्या मागच्या खोलीत नमाज पढले. सुमननेच धुतलेली चादर अंथरून दिली.

परत आल्यावर आपाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बायकांच्या म्हणण्यावर धर्म ठरत नाही. बरोबर आहे. मी म्हणाले, "धर्म नाही ठरला. पण माझ्या आईने कुणाचा नमस्कार चोरून ठेवला नव्हता, एवढं ठरलं." पुढच्या ईदला आपा बांगड्या भरायला आली. ओवी नको, म्हणाली. तिसरी बांगडी हाडावर अडली. मी ओवी म्हटली आणि तिने हात ओढून घेतला नाही. मत तिचं आजही तेच आहे.

आता माझी बोटं वळत नाहीत, पेटी सुनेने घेतली. नमाज खुर्चीवर बसून पढते. कोंढव्यात मला खाला म्हणतात, तिकडे मामी, आणि मी दोन्हीला ओ देते. घर कुठलं विचाराल, तर जिथल्या बायकांनी देवाकडचं आपलं काम माझ्या हाती दिलं, ते.

वैशालीचा नमस्कार त्याच दिवशी पोचता केला आहे. सुमनला कळावं म्हणून लिहिलं.