बंद घराचा कर

बुऱ्हाणपूर स्टेशनवर बाबा मला सोडायला आले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि गाडी चक्क वेळेवर होती. आई घरीच थांबली. तिला चार लोकांत रडायचं नव्हतं. बाबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली, साखळी लावली, किल्ली माझ्या खिशात घातली आणि खाली उतरून खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "पाणी भरून घेतलं ना?" मी हो म्हणालो. गाडी हलली. ते गाडीबरोबर चार पावलंसुद्धा चालले नाहीत, होते तिथेच उभे राहिले. मुंबईहून विमानानं मी वेल्सला निघालो होतो, तिथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. दोन वर्षांसाठी. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तुमच्यापैकी जे असे निघून गेले, त्यांना हे दोन वर्षांचं गणित माहीत आहे. जे मागे राहिले, त्यांना तर ते आमच्याहून आधी कळलेलं असतं.

मी राहतो ते समुद्रकाठचं छोटं गाव आहे. आमच्या रांगेत अकरा घरं. उन्हाळ्यात प्रत्येक दारापुढे गाडी, अंगणात मुलं, भाजलेल्या मांसाचा वास. सप्टेंबर सरला की तीनच घरांत दिवे उरतात, त्यातलं एक माझं. बाकीची शहरातल्या लोकांची सुट्टीपुरती दुसरी घरं. लग्न माझं आधी जमलं नाही, नंतर मी जमवलं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना मुद्दाम रेंगाळायचो, कोणी दिसेल म्हणून. कोणी दिसायचं नाही.

म्हणून मी शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर जायला लागलो. गावाचा क्लब अगदी खालच्या पायरीवरचा, बघायला तीस-चाळीस माणसं. त्यात केन, रिटायर झालेला पोस्टमन, आणि त्याचे दोन दोस्त. ते समोरची मॅच फारशी बघत नसत, जुन्या मॅच बघत. पहाटे बेकरीत पाव भाजून दुपारी विंगला धावणारा लाल केसांचा पोरगा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी दोन गोल मारून मग चर्चला गेलेला सेंटर फॉरवर्ड. मी तीन वर्षं नुसतं ऐकलं. मग एकदा केननं विचारलं, "तुमच्याकडे कोण खेळायचं?"

मी म्हणालो, "माझे वडील. मिलच्या टीममध्ये. लेफ्ट बॅक."

"कसे होते?"

बाबांना खेळताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या जन्माआधीच त्यांनी खेळणं सोडलं होतं. ते जामनेरकडून नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले आणि टीममध्ये होते, इतकंच मला ठाऊक. पण केन वाट बघत होता. मी म्हणालो, "भिंतीसारखे. त्यांना ओलांडून कोणी जात नसे."

तेव्हापासून आमच्या लेफ्ट बॅककडून बॉल सुटला की केन मान हलवून म्हणायचा, "पाटील असते तर?" बाबा गेल्यावर या अख्ख्या देशात त्यांचं नाव मोठ्यानं घेणारा केन एकटाच होता. त्यामुळे मी त्याला खरं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी इथल्या कौन्सिलनं दुसऱ्या घरांवरचा कर वाढवायचं काढलं. हॉलमध्ये सभा झाली. शाळेत मुलं नाहीत, तरुणांना घर मिळत नाही, असं एकेक जण बोलत होता. केननं मला उभं केलं. "हा बारा महिने इथे राहतो. याला बोलू द्या." मी बोललो. म्हणालो, बंद घर फक्त बंद नसतं, ते शेजारच्यालाही एकटं पाडतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी इथे टाळ्या वाजायची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी रविवारी नेहमीप्रमाणे मी बुऱ्हाणपूरच्या शेजारीण प्रमिलाकाकूंना फोन केला. आई-बाबांच्या मागे आमच्या तिथल्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असते. बाबांनी मिलचं क्वार्टर सोडायच्या आधी हौसेनं बांधलेलं घर, चार वर्षं कुलपात होतं.

काकू म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर मी रोज झाडू मारते, बंद घर वाटू नाही म्हणून. तू टेन्शन नको घेऊ. पण बेटा, गल्लीत आता सूनं सूनं लागतं. समोरचे पुण्याला गेले. सांजच्याला दिवा लावला की माझा एकटीचाच दिसतो."

आदल्याच दिवशी हेच मी इंग्रजीत सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

जानेवारीत मी बुऱ्हाणपूरला गेलो. घरपट्टी भरायला काकूंना घेऊन नगर निगमात गेलो. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म पुढे केला. "मकान में रहता कौन है?" स्वतः राहत असाल तर करात सूट असते. काकू कानाशी म्हणाल्या, "लिही ना, खुद राहतो म्हणून. कोण बघायला येतं?" मी पेन हातात धरून उभा राहिलो. मागे रांग होती. मी 'बंद' लिहिलं. बाबू म्हणाला, "सोच लो, छूट नहीं मिलेगी." मी मान हलवली. घरी येईपर्यंत काकू रिक्षात माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेपानगरला नामदेवकाकांकडे गेलो. ते बाबांच्या टीमचे गोलकीपर. आता ऐंशी पार, ऐकायला कमी येतं, पण जुना खेळाडू म्हटलं की डोळे उजळतात. मी मोठ्यानं विचारलं, "काका, बाबा कसे खेळायचे?"

ते हसले. "तुझा बाप? तीन मॅच खेळला असेल सगळ्या मिळून. पायात दमच नव्हता त्याच्या." मग म्हणाले, "पण सकाळी सहाला मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला तोच यायचा. बॉलमध्ये हवा भरायची, जाळी बांधायची, सब तोच. टीममध्ये नाव नसलं तरी यायचा. आम्ही म्हणायचो, पाटील, घरी जा ना. म्हणे, घरी जाऊन काय करू? गाव तिकडं राहिलं."

तेव्हा बाबांचं लग्न झालं नव्हतं. चोवीस वर्षांचा, क्वार्टरमध्ये एकटा राहणारा पोरगा. तो लोकांत राहायला मिळावं म्हणून मैदानावर जायचा, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. मी त्यांना फोनवर कधी सांगितलं नव्हतं की मीही तसाच जातो.

चहा घेऊन नामदेवकाकांची नात वैशाली आली. ती बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत शिकवते, रोज रेल्वेनं अपडाऊन करते. तिच्याबरोबरच्या एका शिक्षिकेसोबत ती खोली शोधत होती, पण दोन एकट्या मुलींना कोणी द्यायला तयार नव्हतं.

"माझं घर आहे," मी म्हणालो.

पुढच्या आठ दिवसांत मी बाबांचं कपाट रिकामं केलं. आईची भांडी वैशालीला वापरायला ठेवली. निघायच्या संध्याकाळी काकू मला ओट्याकडे घेऊन गेल्या. आत दिवा लागला होता, मुली पोळ्या करत होत्या. काकू म्हणाल्या, "आता बरं लागतं बघ." त्यांचा राग गेला होता. मी दाराबाहेर चपला घालून उभा होतो, पाहुण्यासारखा.

परत आल्यावर केनला मी खरं सांगितलं. त्यानं बराच वेळ समोरची मॅच बघितली. मग म्हणाला, "आमच्याकडेही एक होता तसा. त्याचं नाव आम्हाला कोणालाच आठवत नाही." त्या शनिवारपासून तो "पाटील असते तर" म्हणत नाही. मला ते ऐकल्याशिवाय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

आमच्या रांगेतली आठ घरं अजून बंदच आहेत. नवा कर लागला, म्हणून कोणी राहायला आलेलं नाही. बुऱ्हाणपूरच्या गल्लीत मात्र एक दिवा वाढला आहे, आणि तो मी माझं घर सोडल्यामुळे वाढला आहे. जिथे जन्मलो ते क्वार्टर मिलचं, बाबांनी बांधलं तिथे आता वैशालीचं बिऱ्हाड, आणि इथल्या घरी मी कधी परतणार हे विचारणारं कोणी नाही. घर कुठलं असं कोणी विचारलं तर अजूनही तोंडातून बुऱ्हाणपूर निघतं. फक्त आता ते सांगताना मी किंचित थांबतो.

परवा वैशालीला फोन करून म्हणालो, येत्या जानेवारीत यायचं मनात आहे. ती मोकळेपणानं म्हणाली, "या ना काका. पण तारीख आधी सांगा, म्हणजे आम्ही वरची खोली रिकामी करून ठेवू."

मी तारीख सांगितली. तिनं ती लिहून घेतली.