रातांब्यांचे डाग

वैशाखात आमच्या घरी सगळ्यांचेच कपडे लाल असत. मागच्या पडवीत रातांब्यांच्या टोपल्या येत. आमसुलांसाठी फोडायला बसलं की रस कोपरापर्यंत ओघळे. त्या वर्षी मामंजीही आमच्यात येऊन बसू लागले. पुरुषमाणसं या कामाला हात लावत नसत. सासूबाई म्हणाल्या, "बायकांत बसून काय कुजबूज ऐकायची आहे?"

"कान भरलेले आहेत, हात रिकामे आहेत," मामंजी म्हणाले.

कपडे मीच धुवायची. मामंजींच्या धोतरावर पुढे डाग दिसले, ते मी रातांब्यांचेच धरले. पण त्या रसाच्या डागाला राख चोळली की तो काळपट निळा होतो. हे डाग निळे होईनात, तपकिरी पडत. एकदा नाही, चार वेळा पाहिलं. पण सासऱ्यांच्या धोतराबद्दल सुनेने कोणत्या तोंडाने बोलावं? मी त्यांच्याशी कधी एक शब्दही बोलले नव्हते. यजमान मुंबईला नोकरीत. मी चौथीपर्यंत शिकले होते, पत्र लिहिता येत होतं. दोनदा लिहायला घेतलं नि दोन्ही वेळा कागद चुलीत घातला.

शेवटी सासूबाईंना सांगितलं. "उन्हाळे लागले असतील," त्या म्हणाल्या आणि धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. आठ दिवसांत डाग थांबले. "बघ, उगाच घाबरतेस." मलाही सुटल्यासारखं झालं. उन्हाळे लागलेला माणूस लघवीच्या जळजळीने कण्हतो, आणि मामंजी एकदाही कण्हले नव्हते. तेही मला ठाऊक होतं. पण डाग नाहीत म्हटल्यावर मी तो विचार सोडून दिला.

भाद्रपदात गणपती गेल्यावर डाग परत आले. तेव्हा झाडावर रातांबा नव्हता. या वेळी मी धोतर धुतलं नाही. घडी करून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी घडी उलगडून पाहिली नि गड्याला डॉक्टरांना आणायला रत्नागिरीला धाडलं.

डॉक्टरांनी बाटलीत लघवी घ्यायला लावली आणि ती उजेडात धरली.

"दुखतं का?"

"काही नाही," मामंजी म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"परवापासून."

मी माजघराच्या दाराआड होते.

"वैशाखापासून," मी म्हणाले. "मध्ये तीन महिने थांबलं होतं."

डॉक्टरांनी दाराकडे तोंड केलं. "सांगितलंत ते बरं झालं. दुखलं की माणूस आपण होऊन येतो. हे रक्त न दुखता येतं, आपलं आपण थांबतं, आणि घरचे म्हणतात बरं झालं. खडा असेल, गाठही असेल. इथे बसून सांगता येणार नाही. मुंबईला दिवा लावलेली नळी आत घालून बघतात."

"दिवा?" मामंजी म्हणाले. "तेल कोण घालणार?"

डॉक्टर तेवढे हसले.

पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. बंदरावर जायच्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुली, मी रातांबे फोडायला का बसत होतो, कळलं ना?"

मी मान हलवली.

"वाटलं, त्यात खपून जाईल."

मूत्राशयात गाठ निघाली. ती काढली. मामंजी अर्धे होऊन परत आले. पुन्हा पुन्हा तपासणीसाठी बोटीने जायचं, उलट्या करत परत यायचं, असं चाललं. गाठही पुन्हा आली. त्यांनी आणखी तीन वैशाख पाहिले. डाग पहिल्यांदा दिसले त्या वैशाखातच मुंबईला नेलं असतं तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांना आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. यजमानांना मी पुष्कळ पत्रं लिहिली, पण हे विचारून घ्या असं एकातही लिहिलं नाही.

अजून रातांब्यांच्या दिवसांत धुणं घेऊन बसले की प्रत्येक डागाला आधी राख लावते आणि थांबते. कंबर भरून येते. पण डाग निळा झालेला दिसेपर्यंत उठवत नाही.