दिवसा झोपणाऱ्यांची राखणदार

“समवन्स ऑन नाइट्स, लव्ह!”

एवढं म्हणून शेजारच्या आजी ओठांवर बोट ठेवायच्या आणि तेच बोट मग वर एखाद्या खिडकीकडे करायच्या. रात्रपाळीचं माणूस झोपलंय, आवाज करू नका, असा त्याचा अर्थ. समोर कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. पार्सल टाकायला आलेला ड्रायव्हर, पानं उडवायचं यंत्र घेऊन आलेला माळी, बास्केटबॉल आपटणारी पोरं, सगळ्यांना तेच बोट. एकदा त्या कचऱ्याच्या ट्रकलाही आडव्या गेल्या. ट्रक काही थांबून राहिला नाही, पण माणसानं डबे मात्र अलगद खाली ठेवले.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘खडूस’ म्हणून टाकतो आणि मोकळे होतो. मीही तेच केलं.

कॅनडात हॅमिल्टनला आम्ही हे घर घेतलं तेव्हा मी हॉस्पिटलात नर्स म्हणून नुकती रात्रपाळी धरली होती. माझा नवरा महेश घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायचा. मुलगी ईरा सात-आठ वर्षांची. दुसऱ्याच दिवशी आजी कुंपणाशी आल्या आणि नावगाव विचारायच्या आधी म्हणाल्या, “या आठवड्यात तुझी शिफ्ट कुठली?” मला तो भोचकपणा वाटला. शिवाय त्या ईराला ड्राइव्हवेमधून उठवून पार्ककडे पाठवायच्या. “शी हेट्स किड्स,” ईरानं निकाल देऊन टाकला.

मग एका दुपारी मला झोप लागेना म्हणून मी पडदा सारला, तर आजी आमच्या खिडकीखाली माळ्याशी हुज्जत घालत होत्या. “वर नर्स झोपली आहे. उद्या तुझ्या आईला सलाइन लावताना हिचा डोळा लागला तर?” माळ्यानं मुकाट्यानं यंत्र बंद केलं आणि दाताळं हातात घेतलं. आजी तिथंच खुर्ची टाकून बसल्या. ऑक्टोबरचा बोचरा वारा होता, मांडीवर घोंगडी होती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शंकरपाळे घेऊन गेले. त्यांनी ते चहात बुडवून खाल्ले. बोलता बोलता मी म्हटलं, माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, वडील मालगाडीवर गार्ड होते. आजींनी कप खाली ठेवला.

“मग ड्यूटीचा निरोप घेऊन दारावर थाप मारायला कोण यायचं?”

“कॉलबॉय.”

“आमच्याकडेही!” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की माझ्या कपातला चहा हिंदकळला.

त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं. उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहराच्या कडेला, इंजिनांच्या शेडमागं त्यांची वस्ती होती. विटांची, एकमेकींना चिकटलेली घरं, संडास मागच्या अंगणात. सोमवारी साऱ्या गल्लीत धुणं वाळत पडायचं. वारा शेडकडून वाहायला लागला की बायका एकमेकींना हाका मारत कपडे ओढून आत पळायच्या, नाहीतर पांढऱ्या चादरींवर काजळी बसायची. रुळांच्या कडेला कामगारांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे मिळत. “आमच्या कोबीला इंजिनाची चव होती,” आजी सांगायच्या. “मला अजून दुकानातला कोबी फिका लागतो.”

वर्षातून एकदा फुकटचा रेल्वेपास मिळायचा आणि अख्खी गल्ली समुद्रावर जायची. मी म्हटलं, पास आम्हालाही होता, आम्ही नाशिकला मावशीकडे जायचो.

“तिथं समुद्र आहे?”

“नाही.”

“मग पास कशाला वाया घालवायचा?”

दिवसा झोपणारे बाप हा आमचा हक्काचा विषय. बाबा रात्रीचे आले की माझी आई खिडकीला जाड चादर लावायची आणि कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात करायची. आजींकडे तर पोरं जिन्यावर बूट हातात घेऊन चढायची. कोण ‘नाइट्स’वर आहे हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक असे.

पण वडिलांविषयी आणखी काही विचारलं की आजी तुटक बोलायच्या. “इंजिन ड्रायव्हर होते. नंतर झाडू मारायचे.” इतकं बोलून उठायच्या आणि स्वच्छ कप पुन्हा धुवायला घ्यायच्या.

ते मधलं मला कळलं ते माझ्याच एका अपघातामुळे.

ईराचा वाढदिवस होता. बेसमेंटमध्ये वर्गातल्या पोरींनी दुपारभर धुडगूस घातला आणि माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तशीच कामावर गेले. सकाळी परत येताना आमच्या गल्लीत वळले आणि क्षणभर डुलकी लागली. गाडी पदपथावर चढून आजींच्या दारातल्या झाडाला धडकली. मला खरचटलंही नाही, फक्त बॉनेट चेपलं. महेश धावत आला, मागून ईरा पायजम्यातच. आजी घरातल्या सपाता घालून अंगणातल्या बर्फात उभ्या. चेहरा पांढराफटक.

ईरानं चेपलेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मम्मा, इज इट बिकॉज ऑफ माय पार्टी?”

मी इतकी थकले होते की खरं तेच तोंडातून निघणार होतं. तेवढ्यात आजींनी माझं मनगट असं करकचून धरलं की दुखलं.

“नो, लव्ह,” त्या ईराला म्हणाल्या. “ब्लॅक आइस. मी खिडकीतून पाहिलं. गाडी सरकली.”

रस्त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तसल्या निसरड्या बर्फाचा कणही नव्हता. मीठ टाकून कोरडा झाला होता. पण ईराचा चेहरा सैल पडला आणि ती महेशचा हात धरून आत गेली. आजींनी मात्र माझं मनगट सोडलं नाही. मी त्यांना त्यांच्या किचनमध्ये नेऊन बसवलं.

“तिला कधीही सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “मोठी झाल्यावरही नाही.” मग म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची होते.”

शाळेला सुट्टी होती. गल्लीतल्या मोठ्या पोरी दोरीवरच्या उड्या खेळायच्या आणि हिला, म्हणजे तेव्हाच्या आजींना, कधी घ्यायच्या नाहीत. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, पोरींनी हाक मारली. खेळ नेमका हिच्याच घराखाली. “डॅड नाइट्सवर आहेत, वर झोपलेत, हे मला माहीत होतं,” आजी म्हणाल्या. “तरी मी गाणी म्हणत, ओरडत, उड्या मारत राहिले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा घेतलं नसतं.”

त्या रात्री वडिलांची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून यार्डात उभ्या असलेल्या वाघिणींवर गेली. त्यांच्यासोबत भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पाय चिरडला. चौकशीत त्यांना डुलकी लागल्याचं निघालं. वडिलांना इंजिनावरून खाली उतरवलं आणि उरलेली नोकरी त्यांनी त्याच शेडमध्ये झाडू मारत काढली. फायरमन त्याच गल्लीत राहायचा. रोज संध्याकाळी त्याची काठी दारावरून वाजत जायची.

“मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. डॅडही नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, तेच मला आयुष्यभर कळलं नाही.” लग्न झाल्यावर नवऱ्याला इथं पोलादाच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा त्या जवळजवळ पळतच कॅनडाला आल्या. वडील गेले तेव्हा तब्येत बरी नाही असं कळवून अंत्यसंस्कारालाही गेल्या नाहीत. “ठणठणीत होते मी,” त्या म्हणाल्या. “आईला तोंड कसं दाखवणार होते?”

इंग्लंडमध्ये त्यांचा धाकटा भाऊ होता. मी त्यांच्या मागे लागले, त्याला विचारा, इतकी वर्षं उगीच मनात घेऊन बसलाय. रविवारी त्याचा फोन यायचा. एका रविवारी मी मुद्दाम जाऊन बसले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग आजींनी एकदम विचारलं, त्या दुपारी डॅडची झोप मोडली होती का, एका दमात, मान खाली घालून. पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला.

“डॅड? त्यांच्या उशाशी बँड वाजवला असता तरी ते घोरत राहिले असते!”

आजींनी आणखी थोडं बोलून फोन ठेवला. मी आशेनं पाहत होते. “गोड खोटारडा आहे,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून.” आणि कप धुवायला उठल्या.

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं त्या गेल्या. नवरा आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. भाऊ एकटेच आले. ऐंशीच्या घरातले, सडपातळ, पायात शहरी पातळ बूट. सगळं आटोपल्यावर आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. वरणभात त्यांनी आवडीनं खाल्ला. जेवण संपत आलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. “तुमचे वडील खरंच इतके गाढ झोपायचे?”

त्यांनी चमचा खाली ठेवला.

“नाही. पान पडलं तरी जागे व्हायचे.”

महेश माझ्याकडे बघायला लागला.

“त्या दिवशी मला ताप होता,” ते सांगू लागले. “आईनं मला डॅडच्या शेजारीच झोपवलं होतं. खालून पोरींची गाणी सुरू झाली तसे डॅड उठले आणि पडदा जरासा सारून खिडकीत उभे राहिले. आई तणतणत वर आली. म्हणाली, तिला आत्ता आत घेते. डॅड म्हणाले, ‘राहू दे. आज पहिल्यांदा घेतलंय तिला त्या पोरींनी.’ खेळ संपेपर्यंत ते पाहत उभे होते. हसत होते. मला तो चेहरा आठवतो.”

“मग फोनवर का नाही सांगितलंत?”

“वाटलं, डॅड जागे होते एवढंच तिला ऐकू येईल आणि ती मोडून पडेल. पुढचं ती ऐकणारच नाही.” त्यांनी ताट बाजूला सारलं. “पण ऐकलं असतं कदाचित. मी सांगायला हवं होतं. ती विचारत होती ना.”

ते उठले, कोट चढवला, आभार मानले आणि बाहेर पडले. सकाळपासून बर्फ पडत होतं. आम्हाला वाटलं, टॅक्सीची वाट बघतील. तर त्यांनी आमच्या पोर्चमधलं फावडं उचललं आणि आजींच्या ड्राइव्हवेमध्ये जाऊन शोव्हल करायला सुरुवात केली. तिथं आता कुठली गाडी यायची नव्हती. महेश स्वतःचे बूट घेऊन मागे धावला. “सर, मी करतो. प्लीज.” त्यांनी नुसती मान हलवली. फावडं दिलं नाही.

गॅरेजच्या दारापासून ते रस्त्यापर्यंत आले, तोवर मागची वाट पुन्हा पांढरी झाली होती. त्यांनी वळून पाहिलं, तसेच परत गॅरेजपर्यंत चालत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.