उरेल ते पुढच्या वर्षी

आमच्या ह्यांना शिल्लक टाकायचं भारी वेड. घर मूळचं कोकणातलं, सासरे गिरणीत. गणपतीहून परत आलो की पहिल्याच पगारातून पुढच्या वर्षीचे गावी जायचे पैसे वेगळे निघायचे, आणि त्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. आभाळ कोसळलं तरी.

पूर्वी डॉक्टर, औषधं, सगळा खर्च ह्यांची कंपनी द्यायची. तेव्हा मला साधी शिंक आली तरी हे लालबागच्या डॉक्टरांकडे न्यायचे, आणि येताना गरम भजी. काय मजेचे दिवस होते ते! मग नवी योजना आली. दरवर्षी कंपनी औषधपाण्याच्या खात्यात थोडी रक्कम टाकणार, बारीकसारीक दुखणी, तपासण्या त्यातून भागवायच्या. हॉस्पिटलचा मोठा खर्च विम्यातून. खात्यात उरेल ते पुढच्या वर्षी.

उरेल! झालं, ह्यांनी तेवढंच धरलं. त्या खात्याचे गणपतीचे पैसेच करून टाकले. माझा दात ठणकला की लगेच "चल" म्हणायचे. स्वतःच्या वेळी मात्र ओवा चावत बसायचे.

घोडपदेवच्या आमच्या चाळीचे जिने चढताना त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची तपासणी करून घ्या. हे मला म्हणतात, "अगं, बघू पुढच्या महिन्यात. ह्या वर्षी चांगली शिल्लक पडतेय."

"अहो, ते पैसे तुमच्या औषधाचेच आहेत ना? त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

हसले नुसते. त्या हसण्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

आज ते असते तर मी पुन्हा तेच भांडण काढलं असतं. इतकी आठवण येते की भांडायला तरी ते हवेत, असं वाटतं.

शेवटी जिन्यातच कोसळले. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. हॉस्पिटलात यंत्रं, इंजेक्शनं, मोठमोठे डॉक्टर, कशालाच कुणी नाही म्हटलं नाही. ह्यांनी आठवडाही काढला नाही.

ते गेले त्या सकाळी काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला काहीच भरायचं नाहीये. सगळं विम्यातून झालंय."

हे ऐकून सगळ्यात जास्त खूश कोण झालं असतं? त्यांना सांगायला मी मागे वळलेसुद्धा.