चिठ्ठीची मागची बाजू

अकरा जानेवारी, रविवार. दुकान बंद आहे, म्हणून सरांच्या चिठ्ठ्या वहीत चिकटवायला घेतल्या. बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे, एक जाड वही, डिंकाची बाटली. चिठ्ठ्यांना दोन्ही बाजूंनी मजकूर आहे, त्यामुळे सपाट चिकटवता येत नाहीत. डाव्या कडेला डिंकाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे चिठ्ठी पानासारखी उलटते. सकाळपासून हेच चाललं आहे.

सर रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबायचे. थांबले की समजायचं, कुणाच्या तरी तोंडून 'ड्राय' हा शब्द कानावर पडला. मग शर्टाच्या खिशातून जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा आणि पेन्सिल निघायची. मागून येणारे ऑटोवाले बडबडत वळसा घालून जात. सर लिहून झाल्याशिवाय हलत नसत. आम्ही मुलं माघारी त्यांना चिठ्ठीसर म्हणायचो. पुढे तोंडावर म्हणू लागलो, तरी त्यांनी हरकत घेतली नाही.

ते काचीगुड्याजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी नल्लकुंट्याला घरी आमची शिकवणी घेत. आमचे आईवडील मराठवाड्यातून या तेलुगू मुलखात आलेले, कुणी नोकरीला, कुणी धंद्याला. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, बाजारात तेलुगू, आणि इंग्रजीची सगळ्यांनाच भीती. सरांनी त्यावर उपाय काढला होता. दर मुलाला एकच इंग्रजी विशेषण द्यायचं, रोजच्या वापरातलं, आणि वर्षभर ते गावभर शोधायला लावायचं. डिक्शनरीतला अर्थ चालत नसे. "शब्द कुणीतरी कुणाला तरी म्हणायला पाहिजे," ते सांगत, "तोवर तो कुणाचाच नाही." म्हणून चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला शब्द कसा वापरला ते लिहायचं आणि मागच्या बाजूला कोण कुणाला म्हणालं ते. मागची बाजू कोरी दिसली की चिठ्ठी परत.

हिमायतनगरात माझ्या वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. आज मी चालवते तेच. त्यामुळे मला 'ड्राय' मिळाला. पोरं हसली. मी उठून सांगितलं की दुकानात कपडे चांगले ओले होतात, पेट्रोलसारख्या औषधात बुडतात, फक्त पाणी लागत नाही. सरांनी खडू खाली ठेवला. "हौ? म्हणजे पाणी सोडून कशातही भिजलं तर ड्रायच?" त्या दिवशीची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. मागे लिहिलं आहे, 'सुनंदा, सगळ्या वर्गाला'. मघाशी तीच पहिल्या पानावर लावली.

दहावीनंतर बाकीच्यांचे शब्द सुटले. माझा सुटला नाही, कारण तो सरांनाच लागला होता. डबे मात्र माझ्या दुकानात राहायला आले. सरांच्या घरच्या, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, एकदा वैतागून म्हणाल्या होत्या की एका शब्दाला तीन डबे आणि माझ्या रव्याला एक नाही. दर रविवारी मी सरांकडे जायची, आठवड्याच्या चिठ्ठ्या घ्यायची, उपयोग नवा असला तर पुढच्या बाजूला कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. खूण मी करायची, हा त्यांचाच नियम. शब्द माझा होता ना.

सर पक्के शाकाहारी. तरी बरकतपुऱ्याच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर 'चिकन ड्राय' ऐकल्यावर त्यांनी वेटरला गाठलं आणि ते वाळवलेलं असतं का, असं विचारलं. "सूखा नै साब, रस्सा नै रैता, बस," तो म्हणाला. ती चिठ्ठी डब्यात आहे. दोन ऑक्टोबरला दारूच्या बंद दुकानासमोर उभं राहून तिथल्या माणसाशी ते 'ड्राय डे'वर बोलत होते, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाहिलं. मुलगा शिकवणीतून गेला. बाई महिनाभर धुसफुसत होत्या. सर म्हणाले, "एक पोरगा गेला, एक अर्थ आला." ते त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता.

स्वतःबद्दल बोलण्याची त्यांना सवय नव्हती. घरात काय चाललंय ते चिठ्ठीवरून कळायचं. बाई गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी गावाकडच्या पावसापाण्याचं विचारलं आणि चहा केला. निघताना एक चिठ्ठी दिली. पुढे लिहिलं होतं, 'ड्राय कचरा: जुन्या चपला, चष्म्याचं घर, प्लास्टिकचा कंगवा.' मागे, 'कचरा नेणारी यादम्मा, मला. तिनं विचारलं, अम्माचं सामान ड्रायमध्ये टाकू ना? मी हो म्हणालो.' मी जिन्यातच खूण केली. दुसरं काय करणार होते?

एकदा चिठ्ठी आली, 'डोळे ड्राय झाले आहेत', मागे 'डोळ्यांचा डॉक्टर, मला'. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेले, औषध आणलं, कधी किती थेंब घालायचे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. सरांना ही पद्धत पटली असावी. काही हवं असलं की चिठ्ठी लिहायची, सुनंदा येते.

गेल्या लग्नसराईत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. शेरवान्या, शालू, तेलाचे आणि हळदीचे डाग. मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कपड्याचा खिसा मी स्वतः उलटा करून पाहते. तीस वर्षांत पेन फुटून कपडा गेला, असं एकदाही झालेलं नाही. त्यातल्या एका रविवारी मला नल्लकुंट्याला जायला जमलं नाही. सरांनी खालच्या मेडिकलवाल्याबरोबर पाकीट पाठवलं. तेव्हा त्यांचं औषधांमधलं ड्राय चाललं होतं, ड्राय कफ, ड्राय सिरप. पाकिटात एकच चिठ्ठी होती. पुढच्या बाजूला, 'ड्राय गँगरीन: बोट काळं पडतं, कोरडं होतं, दुखत नाही.' नवा उपयोग. मी काउंटरवर उभ्या उभ्या खूण केली आणि चिठ्ठी डब्यात टाकली. उलटून पाहिली नाही.

पुढचे दोन रविवारही दुकानातच गेले. तिसऱ्या रविवारी मी गेले. दारातच वास आला. कपड्यांच्या धंद्यात वासावरून बरंच कळतं, मला पाय दिसायच्या आधी कळलं. उजव्या पायाला त्यांनी टॉवेल गुंडाळला होता. अंगात ताप होता. शुगरच्या डॉक्टरनं त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं, आणि एकट्यानं जाऊ नका, असंही.

दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. त्यानंतर दोन दिवस ते शुद्धीवर होते. संदीप, त्यांचा मुलगा, कोंडापूरला राहतो. तो खाली औषधं आणायला गेला होता, तेव्हा मी सरांना विचारलं की सांगितलं का नाही.

"सांगितलं की," सर म्हणाले. "चिठ्ठी दिली होती."

मी त्यांची चादर सारखी केली.

"मिळाली ना?"

"मिळाली."

"खूण केलीस?"

"केली, सर."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि पाणी मागितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. विष अंगात पसरलं होतं. आठव्या दिवशी सर गेले.

चौदाव्यानंतर संदीप दुकानात आला. चांगला मुलगा आहे, बोलतो मराठीच, पण वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत गेला, तिथे तेलुगू होतं, हिंदी होतं. डबा उघडून चिठ्ठ्या हातात घेऊन बघत राहिला. "अक्का, हे सगळं एका वहीत लावून द्या ना. नंतर कधी बसून मला वाचून दाखवा." मग म्हणाला, "मी रोज फोन करत होतो, अक्का. रोज विचारत होतो, तब्येत कशी आहे. मला त्यांनी एकदा पण सांगितलं नाही. माझ्यावर भरोसाच नव्हता त्यांचा." त्याची बायको म्हणते, तो रात्री झोपत नाही.

मी त्याला चहा पाजला. वही करून देते म्हणाले. तेवढंच म्हणाले.

आता संध्याकाळ झाली आहे. दोन डबे संपले, तिसऱ्यातली एक चिठ्ठी उरली आहे. तीच. मागच्या बाजूला सरांच्या नीट, शाळेतल्या अक्षरात लिहिलं आहे, 'डॉक्टर, मला. उजवा पाय. मंगळवारी जायचं आहे, तुला सवड आहे का?' नियमात एवढंच बसत होतं, कोण कुणाला. शेवटचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच थेट मला लिहिलं.

डिंकाची बाटली उघडी आहे. ही एक चिठ्ठी सपाट चिकटवली, चारी कडांना डिंक लावून, तर कुणाला कधी कळणार नाही. आमच्यासारख्या घरांतून मराठी वाचणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. वही देखणी दिसेल. संदीप आयुष्यभर समजेल की वडिलांनी कुणालाच सांगितलं नाही.

मी बाटलीला झाकण लावलं. चिठ्ठी पाकिटात घालून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी कोंडापूरला गेले. संदीप ऑफिसला निघाला होता, त्याला बूट काढून बसायला सांगितलं. चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसून, बोट ठेवून, आधी मागची बाजू वाचून दाखवली. मग उलटून पुढची. आणि कोपऱ्यातली खूण कुणाची, ते सांगितलं.