तात्यांच्या आंब्यांसाठी कायदा

कोर्टासमोर टाइपरायटर मांडून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. पक्षकार छत्र्या विसरतात, तसे किस्सेही मागं ठेवून जातात. छत्र्या परत न्यायला कुणीतरी येतं. किस्से माझ्या डायरीत राहतात. हे सगळे दत्तूच्या चहाच्या बाकावरचे.

*

बाकावर आम्ही तिघं. मी, नाना वकील आणि गारगोटीकडचे पांडूतात्या, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. सत्त्याहत्तर साल उलटलं होतं. नानांनी बातमी आणली.

"लढाईत झाडं, जमीन, पाणी नासवायचं नाही, असा कायदा झालाय. बऱ्याच देशांनी मिळून केलाय."

दत्तूच्या हातात गाळणं तसंच राहिलं. "माणसं मारायची, पण झाडाला हात लावायचा न्हाय?"

"माणसांसाठी नियम आधीपासून आहेत."

"मग पाळत्यात व्हय?"

नानांनी चहा संपवला.

*

त्याच कायद्यात धरणांवर हल्ला करू नये असंही आहे, हे कळल्यावर दत्तू म्हणाला, "आमच्या सासऱ्यांस्नी कळवा की. एकाहत्तरच्या लढाईत ते राधानगरीच्या धरणावर बाँब टाकणाऱ्या इमानाची वाट बघत काठी घिऊन बसलंते."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

*

पुढच्या शनिवारी तात्या स्वतःच बोलले. पासष्टच्या लढाईत सीमेपलीकडच्या एका गावात त्यांच्या तुकडीनं आमराई तोडली. समोरचं नीट दिसावं म्हणून, हुकूम होता. गाव रिकामं झालेलं, पण आमराईची म्हातारी मालकीण गेली नव्हती. कुऱ्हाडी चालू असताना ती पाण्याचा घडा घेऊन आली. विष असेल म्हणून कुणी हात लावेना. मग तिनं आधी स्वतः एक घोट घेतला आणि घडा पुढं केला.

"प्यालात?" मी विचारलं.

"न्हाय."

चहा उतू गेला. दत्तूला भान नव्हतं.

*

"नाना, ती आमराई त्या कायद्यात बसती का बघा," तात्या म्हणाले.

नाना वाचून आले. "नुकसान दूरवर पसरलेलं पाहिजे, वर्षानुवर्षं टिकणारं पाहिजे आणि भयंकर पाहिजे. तिन्ही एकदम. एका बागेसाठी तो लागू होणार नाही. शिवाय तो नंतर झालाय, आणि त्यावर आपल्या देशाची सहीही नाही."

"म्हंजे मी सुटलो?"

"सुटलात."

"मग बरं का वाटंना?"

*

फौजेतून आल्यावर तात्यांनी आपल्या शेतात आंबे लावले होते. कालव्याची आखणी नेमकी त्यातून गेली.

"नाना, लावा आता तुमचा कायदा."

"तात्या, तो लढाई चालू असेल तरच."

"आन् नसंल तर?"

"नुकसानभरपाई."

दत्तू म्हणाला, "शेजारच्या गावाशी लढाई पुकारू की." यावर कुणी हसलं नाही. कालवा वळवावा म्हणून नानांनी अर्ज केला. तो फेटाळला गेला.

*

तोडणीच्या दिवशी नाना आणि मी एसटीनं गेलो. हवालदार माणूस, काहीतरी करून बसेल अशी धास्ती होती. झाडांना मोहोर होता. पहिलं झाड आडवं झालेलं. गावकऱ्यांनी सकाळीच शिव्या घातल्यामुळं कुऱ्हाडवाले बिचकून होते.

तात्या घरातून घागर आणि तांब्या घेऊन आले. कुऱ्हाडी थांबल्या.

"पावणं, पाणी घ्या."

कुणी पुढं येईना. एकजण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला.

तात्यांनी तांब्या भरला. आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग तो पुढं केला.